बंद पडलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमधून डेटा परत मिळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्क आत्ता संगणकाला जोडलेली आहे आणि तिच्यातून नेहमीचा नसलेला आवाज येतोय? मग आधी ती काढा, वाचन नंतर. आवाज नसला पण संगणक तिच्यापाशी अडकून बसला असेल, तरी काढाच. बंद ठेवलेल्या डिस्कवरचा डेटा आहे तिथे, आहे तसा पडून राहतो. आजच्या रात्रीत तो कुठे जाणार नाही. जातो तो डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघताना. लोकांच्या डिस्क हाताळताना मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती इथेच. मूळ बिघाड किरकोळ असतो आणि चार दिवसांच्या खटपटीत तबकडी खरवडली गेलेली असते.

"डिस्क गेली" म्हणजे नक्की काय गेलं?

यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

प्लास्टिकच्या कव्हरच्या आत साधी हार्ड डिस्कच असते. खिशात मावणाऱ्या प्रकारात ती अडीच इंची असते. टेबलावर ठेवायच्या, वेगळा अडॅप्टर लागणाऱ्या प्रकारात साडेतीन इंची. बहुतेक वेळा तिच्या टोकाला बोटभर लांबीचा एक छोटा बोर्ड लावलेला असतो. डिस्क साटा भाषा बोलते आणि संगणकाची केबल यूएसबी. हा बोर्ड त्यांच्यातला दुभाषी. डिस्कच्या पोटात काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी त्या फटीच्या हजारो पट असते. धुळीचा एक कण आत शिरला तर काय होईल, याचा अंदाज यावरून येईल.

आता बिघाड कुठेही असू शकतो. केबल किंवा तो दुभाषी बोर्ड गेला असेल, तर डिस्क धडधाकट आहे आणि तुम्ही सुदैवी आहात. डिस्कच्या स्वतःच्या सर्किट बोर्डात बिघाड असेल. हेड मोडलं असेल किंवा मोटर अडकली असेल. तबकडीवरचे काही भाग वाचता येईनासे झाले असतील; यांनाच आपण बॅड सेक्टर म्हणतो. डिस्क स्वतःचा कारभार चालवायला जे फर्मवेअर वापरते, त्यात गडबड झाली असेल. किंवा यंत्र पूर्ण ठीक असेल आणि फक्त फाइलींची नोंदवही, म्हणजे फाइल सिस्टम, विस्कटली असेल. या शेवटच्या प्रकारात आणि सौम्य बॅड सेक्टरच्या बाबतीत माणूस स्वतः बरंच काही करू शकतो. हेड, मोटर आणि फर्मवेअर यांचं काम लॅबचं, म्हणजे डेटा परत काढून देणाऱ्या व्यावसायिक कार्यशाळेचं आहे.

आवाजावरून काही कळतं का?

पुष्कळ. डिस्क शांत जागी ठेवा, कान जवळ न्या आणि एकदाच जोडून ऐका.

ठरावीक लयीत टक्... टक्... टक् असा आवाज येत असेल, तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीयेत. ते आत जातं, चुकतं, परत येतं, पुन्हा जातं. बहुतेक वेळा हेड खराब झालेलं असतं. बारीक बीप किंवा गुणगुण येत असेल आणि डिस्क फिरत नसेल, तर मोटर जोर लावते आहे पण तबकडी हलत नाही. एक तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटरचं बेअरिंग जाम झालंय. खरखर, घासल्यासारखा आवाज सगळ्यात वाईट. त्याचा अर्थ हेड तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडून काढत आहे. तुमचा डेटा म्हणजे तोच थर. क्षणाचाही विचार न करता केबल ओढा. इथे "सेफली रिमूव्ह" करत बसायचं नसतं.

अगदीच चिडीचूप असेल, तर वीज पोचत नाही किंवा बोर्ड गेलाय. आणि डिस्क नेहमीसारखी गुळगुळीत फिरते आहे, फक्त फाइली दिसत नाहीत, असं असेल तर आशेला चांगली जागा आहे.

डिस्क संगणकावर दिसतच नाही. घरच्या घरी काय तपासू?

केबल बदला. पातळ, रुंद तोंडाची यूएसबी ३.० मायक्रो-बी केबल ही या सगळ्या साखळीतली सर्वांत नाजूक कडी आहे. हब मधून काढून थेट संगणकाच्या पोर्टला लावा, मग दुसऱ्या संगणकाला. अडीच इंची डिस्कला सगळी वीज त्या केबलमधूनच मिळते. यूएसबी २.० चं पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. तबकडी फिरायला लागताना डिस्क क्षणभर त्याच्याही पुढे जाते. त्यामुळे एका लॅपटॉपवर मेलेली वाटणारी डिस्क दुसऱ्यावर चालू झाल्याचं मी पाहिलं आहे.

साडेतीन इंची डिस्क असेल तर तिचा अडॅप्टर तपासा. तिला १२ व्होल्ट लागतात. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावण्याचा मोह कृपया टाळा. त्याने बोर्ड जळतो.

मग विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट किंवा मॅकवर डिस्क युटिलिटी उघडून बघा. तिथे डिस्क बरोबर क्षमतेसह दिसत असेल पण तिला ड्राइव्हचं अक्षर नसेल किंवा "रॉ" लिहिलेलं असेल, तर बहुधा फाइल सिस्टमचा प्रश्न आहे. क्षमता शून्य दिसत असेल, "नो मीडिया" असं येत असेल किंवा भलताच आकडा दिसत असेल, तर बिघाड बहुधा खोलवरचा, हेड किंवा फर्मवेअरचा आहे. तिथे थांबा.

एवढी तपासणी दोन-तीन वेळा जोडण्यात आटपते. दहाव्यांदा जोडून दिसेल या आशेवर राहू नका.

संगणक विचारतो, "फॉरमॅट करायचं का?" हो म्हणू?

नाही. "इनिशिअलाइझ डिस्क" असं विचारलं तरी नाही. संगणकाला डिस्कवरची नोंदवही वाचता आली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ आहे. त्याला वाटतंय ही कोरी डिस्क आहे. कॅन्सल करा.

एक साधी शक्यता आधी बघा: ही डिस्क मॅकवर वापरलेली तर नाही? मॅकच्या एचएफएस प्लस किंवा एपीएफएस पद्धतीने तयार केलेली डिस्क विंडोजला ओळखता येत नाही आणि ते हाच प्रश्न विचारतं. डिस्कला काहीही झालेलं नसतं.

मी चुकून हो म्हणून बसलो. आता?

क्विक फॉरमॅट झाला असेल तर फक्त नवीन, रिकामी नोंदवही लिहिली गेली आहे. जुन्या फाइलींचा मजकूर बहुतांशी तिथेच आहे. त्या डिस्कवर यानंतर एकही फाइल टाकू नका, डेटा परत काढायचं सॉफ्टवेअरही तिच्यावर उतरवू नका.

फुल फॉरमॅट झाला असेल तर मात्र वाईट बातमी आहे. विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो, आणि ज्यावर एकदा दुसरं काही लिहिलं गेलं ते परत येत नाही. मध्येच थांबवला असेल, तर जिथपर्यंत पोचला नाही तेवढा भाग वाचतो.

आणखी एक अपवाद, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. हल्लीच्या पुष्कळ एक्स्टर्नल डिस्क एसएमआर प्रकारच्या असतात. त्यांच्यात डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे सरकवून बसवलेले असतात. यातल्या काही डिस्क ट्रिम नावाची आज्ञा पाळतात. फाइल पुसली किंवा क्विक फॉरमॅट केला की संगणक "ही जागा आता मोकळी" असं कळवतो आणि त्यानंतर डिस्क त्या जागी फक्त शून्यं दाखवते. म्हणून अशा डिस्कवरून पुसलेली फाइल आणायची असेल तर ती ताबडतोब बंद करणं जास्तच महत्त्वाचं आहे. लॅबला काही वेळा त्याखालचा डेटा थेट वाचता येतो.

चेकडिस्क चालवलं तर सगळं नीट होतं असं ऐकलंय.

या प्रश्नाला मी कधीच शांतपणे उत्तर देऊ शकत नाही.

चेकडिस्क हे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन. त्याचं काम नोंदवही सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नाही. एखादी नोंद त्याला वाचता आली नाही किंवा पटली नाही, तर ते ती कापून टाकतं. आजारी डिस्कवर हे सगळं चालू असताना ते लिहितंही असतं आणि डिस्कला तासन् तास राबवतंही. खूप वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या डिस्कवर तिच्या वडिलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग होती. ते गेल्यावर राहिलेली तेवढीच. फोल्डर उघडत नव्हतं, म्हणून मी सरळ चेकडिस्क चालवलं. ते संपलं तेव्हा ते फोल्डर नव्हतं. त्याऐवजी फाउंड नावाचं एक फोल्डर तयार झालं होतं आणि त्यात नाव नसलेले तुकडे होते. त्यातली काही रेकॉर्डिंग जुळवता आली, सगळी नाही. आधी त्या डिस्कची प्रत घेतली असती तर चूक प्रतीवर झाली असती आणि मूळ डिस्क जशीच्या तशी राहिली असती.

म्हणून क्रम असा: आधी संपूर्ण डिस्कची प्रत, मग जी काही दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर. मॅकवरच्या "फर्स्ट एड"लाही हेच लागू.

ही प्रत म्हणजे इमेज का? ती कशी घ्यायची?

हो. फाइली निवडून कॉपी करणं वेगळं आणि इमेज वेगळी. इमेज म्हणजे डिस्कचा पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंतचा हुबेहूब ठसा, रिकामी जागा आणि पुसलेल्या फाइलींसकट. एकदा ती सुरक्षित झाली की मूळ डिस्क बंद करून ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग इमेजवर करायचे. प्रयोग फसला तरी काही बिघडत नाही.

आजारी डिस्कसाठी माझं सांगणं ग्नू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरा असं आहे. साधा कॉपी प्रोग्राम बॅड सेक्टरवर आपटला की तिथेच डोकं आपटत बसतो आणि डिस्कचा जीव घेतो. डीडीरेस्क्यूची चाल उलटी आहे. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग भराभर उचलतं, अडचणीच्या जागा ओलांडून जातं आणि त्यांची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. चांगला भाग हाती आल्यावर मग ते सोडलेल्या जागांकडे परत वळतं आणि त्या कडेकडेने कुरतडत वाचायचा प्रयत्न करतं. मॅप फाइलमुळे मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येतं. ही मॅप फाइल न देता ते चालवू नका.

ते लिनक्सवर चालतं. लिनक्स बसवण्याची गरज नाही. सिस्टमरेस्क्यूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर टाकून संगणक तिच्यावरून सुरू करता येतो. याचा आणखी एक फायदा आहे. विंडोज डिस्क जोडल्या जोडल्या ती चाळायला आणि तिच्यावर बारीकसारीक लिहायला लागतं. सिस्टमरेस्क्यू तुम्ही सांगेपर्यंत हात लावत नाही.

इमेज ठेवायला मूळ डिस्कच्या पूर्ण क्षमतेपेक्षा थोडी जास्त मोकळी जागा हवी. १ टीबीच्या डिस्कवर फक्त २०० जीबी भरलेलं असलं तरी इमेज १ टीबीची. ज्या डिस्कवर इमेज ठेवणार ती फॅट३२ पद्धतीची नको, कारण तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. आणि सगळ्यात मोठा धोका: आज्ञा लिहिताना मूळ डिस्क आणि प्रत ठेवायची डिस्क यांची अदलाबदल. तसं झालं तर तुमच्या हाताने डेटावर बोळा फिरतो. दोन्ही डिस्कचे सीरिअल नंबर कागदावर लिहा, स्क्रीनवरच्या नंबरांशी ताडून बघा आणि शक्य असेल तर शेजारी बसलेल्या कुणाकडून एकदा वाचून घ्या. मगच एंटर.

किती वेळ लागेल?

धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली जात असेल तर १ टीबीला सुमारे पावणेतीन तास, २ टीबीला साडेपाच. बॅड सेक्टर असतील तर काही दिवसही लागतात. वेग एकदम घसरला, डिस्क मधूनच गायब होऊ लागली किंवा आवाज बदलला, तर थांबवा. ही लॅबला देण्याची वेळ आहे.

इमेज मिळाली. फाइली कशा काढू?

फक्त विभागांची यादी, म्हणजे पार्टिशन टेबल, हरवलं असेल तर टेस्टडिस्क ते शोधून देतं आणि जुनी फोल्डर नावांसकट दिसतात. नोंदवहीच नष्ट झाली असेल तर फोटोरेक कामाला येतं. नावावर जाऊ नका. ते फक्त फोटो नाही, शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक बाइट्सने होते, ती खूण धरून ते फाइल उचलतं. दोन्ही साधनं क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली आणि मोफत आहेत.

फोटोरेकची मर्यादा समजून घ्या. नावं आणि फोल्डरची रचना मिळत नाही. हजारो फाइली आकड्यांच्या नावांनी समोर येतात. शिवाय डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत साठलेली फाइल त्याला नीट जोडता येत नाही, म्हणून मोठे व्हिडिओ अनेकदा चालत नाहीत आणि काही फोटो अर्धे राखाडी निघतात. आरस्टुडिओ, डीएमडीई, यूएफएस एक्सप्लोरर ही साधनं उरल्यासुरल्या नोंदींवरून रचना पुन्हा उभी करण्यात जास्त तरबेज आहेत. आधी ही साधनं वापरून बघा, फोटोरेक शेवटी.

मिळालेली यादी बघून लगेच हुरळून जाऊ नका. फाइलीचं नाव आणि आकार बरोबर दिसणं म्हणजे ती शाबूत असणं नाही. ज्या खरोखर हव्यात त्या एकेक उघडून बघा, व्हिडिओ मधूनमधून चालवून बघा.

फ्रीझरमध्ये ठेवली तर चालू होते म्हणे?

नको. बाहेर काढताच तबकडीवर दव साचतं आणि हेडला ते पाण्याचे डोंगर आहेत. टेबलावर आपटणं, बोटाने ठोकणं, चिकटलेली तबकडी स्क्रू ड्रायव्हरने फिरवणं यांचंही तेच. या युक्त्या दशकांपूर्वीच्या, खूप ढोबळ मापांच्या डिस्कच्या काळातल्या आहेत.

बाहेरचं कव्हर काढून आतली डिस्क थेट संगणकाला लावली तर?

चांगला विचार आहे, कधीकधी. बिघाड फक्त दुभाषी बोर्डात असेल तर याने काम होतं. बॅड सेक्टर असलेली डिस्क इमेज करतानाही थेट साटा जोडणी बरी, कारण वाचताना अडखळलं की यूएसबी बोर्ड गुदमरतो. पण तीन गोष्टी लक्षात असू द्या.

अडीच इंची डिस्कच्या बऱ्याच मॉडेलांत दुभाषी बोर्ड वेगळा नसतोच; यूएसबीचं तोंड डिस्कच्या मुख्य बोर्डावरच डाखलेलं असतं. तिथे लावायला साटाची जागा मिळणार नाही. दुसरं, काही डिस्क सगळा डेटा आपोआप कूटबद्ध करतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवतात, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि माय बुक मालिकांतली अनेक मॉडेलं अशी आहेत. त्यांचा मूळ बोर्ड फेकलात तर कुलपाची किल्ली फेकलीत. तिसरं, २ टीबीहून मोठ्या काही जुन्या डिस्कमध्ये यूएसबी बोर्ड सेक्टरचा आकार ५१२ ऐवजी ४,०९६ बाइट सांगत असे. अशी डिस्क थेट जोडली की आकडे जुळत नाहीत आणि ती "रॉ" दिसते. डेटा जाग्यावरच असतो. घाबरून फॉरमॅट करू नका.

आणि मी कव्हर म्हणतोय ते प्लास्टिकचं. आतल्या धातूच्या डिस्कचं झाकण कधीही, कुठल्याही कारणाने उघडायचं नाही. लॅबमधल्या क्लीन बेंचवर, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेतल्या टेबलावर, एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण ३,५२० पेक्षा कमी ठेवावे लागतात. साध्या खोलीत ते कोटींच्या घरात असतात. डिस्कवर एक बारीक छिद्र असेल, "झाकू नका" असं लिहिलेलं, तर त्यावर चिकटपट्टीही लावू नका. आतल्या हवेचा दाब त्यातूनच राखला जातो.

तशाच मॉडेलचा बोर्ड दुसऱ्या डिस्कवरून काढून बसवला तर?

पूर्वी जमायचं. आता बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या हेडांची मापं आणि जुळवण्या साठवलेल्या असतात. बोर्ड बदलायचा तर ती आठ पायांची चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर न्यावा लागतो. सोल्डरिंगचा चांगला हात नसेल तर नको. चुकीचा अडॅप्टर लावून जळालेल्या बोर्डावर मात्र अनेकदा फक्त संरक्षक टीव्हीएस डायोड स्वतः बळी गेलेला असतो, बाकी बोर्ड ठीक असतो. इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा माणूस तो काढून डिस्क तात्पुरती चालू करून देऊ शकतो. तशी चालू झाली की थेट इमेज घ्या, कारण आता तिला संरक्षण उरलेलं नाही.

डिस्क हातातून पडली. दिसायला काही झालेलं नाही.

चालू असताना पडली असेल तर पुन्हा जोडूही नका. बंद असताना पडली असेल तर हेड बहुधा बाजूच्या उतारावर विसावलेलं होतं, त्यामुळे आशा बरी आहे. एकदाच जोडा. वेगळा आवाज आला तर काढा. नाही आला तर इमेज घ्यायला बसा, फोटो बघत बसू नका.

आणि पाण्यात पडली, जळाली तर?

वीज लावू नका, उन्हात किंवा ड्रायरने वाळवू नका, तांदळात पुरू नका. पाणी सुकलं की त्यातले क्षार तबकडीवर चिकटून बसतात. ओलसरच हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर लॅबला पोचवा. कोलंबिया अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी वातावरणात येताना तुटलं. त्याच्या अवशेषांत सुमारे सहा महिन्यांनी, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात एक डिस्क मिळाली. बाहेरून ती जळून वितळलेला गोळा होती. ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा काढला आणि तिच्यावर नोंदवलेल्या, यानात झालेल्या झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तबकड्या वाकलेल्या नव्हत्या, म्हणून ते शक्य झालं. काळवंडलेली डिस्क बघून ती आपणच कचऱ्यात टाकू नये.

स्मार्ट रिपोर्ट "गुड" दाखवतो. मग डिस्क चांगली ना?

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. तिच्यातल्या "गुड" या शब्दाकडे दुर्लक्ष करून ५, १९७ आणि १९८ हे तीन क्रमांक बघा: बदली दिलेले सेक्टर, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. ही नोंद दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम हे क्रमांक सोळाच्या पद्धतीत दाखवतो, तिथे ते ०५, सी५ आणि सी६ असतात. यांपैकी एकही शून्यावरून वाढत असेल तर लगेच डेटा हलवा. उलट सगळं शून्य असलं म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्मार्टमध्ये एकही इशारा दिलेला नव्हता.

माझी एक्स्टर्नल एसएसडी आहे. तिलाही हेच सगळं लागू?

अर्धंच. एसएसडी डेटा तबकड्यांऐवजी चिपमध्ये ठेवते. तिच्यात फिरणारं काही नसल्याने आवाज नाही आणि पडण्याची भीती कमी. ती सहसा इशारा न देता एकदम मरते, बहुतेकदा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार चालवणारी चिप, गेल्याने. ट्रिममुळे पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता फार थोडी. "वीज बंद असली की डेटा सुरक्षित" हे वाक्यही तिच्यासाठी जपून घ्या. जेडेक या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार, ठरलेली लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती वापराच्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. खूप वापरलेली एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी नाही.

लॅबकडे कधी जायचं आणि ती कशी निवडायची?

टकटक, बीप, खरखर, शून्य क्षमता, पाणी, आग, चालू असताना पडणं, यांपैकी काहीही असेल आणि डेटा पुन्हा मिळवता न येण्यासारखा असेल, तर पहिल्यांदाच जा. सगळे उपाय करून झाल्यावर नव्हे.

डेटा रिकव्हरी करतो म्हणणारे सगळे सारखे नसतात. काही जण तुम्ही घरी चालवलं असतं तेच सॉफ्टवेअर टकटकणाऱ्या डिस्कवर चालवतात. सरळ विचारा: हेड बदलायचं काम तुमच्याकडेच होतं की डिस्क पुढे दुसरीकडे पाठवता? क्लीन बेंच आहे का? आधी इमेज घेता का, आणि कशाने? पीसी-३००० किंवा डीपस्पार या लॅबमध्ये वापरल्या जाणाऱ्या खास उपकरणांचं नाव निघालं तर समोरचा या धंद्यातलाच आहे. खर्चाचा अंदाज लेखी द्या म्हणावं. डेटा मिळाला नाही तर किती आकारणार आणि पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, हेही आधीच ठरवा. डिस्क न बघता फोनवर "शंभर टक्के मिळेल" म्हणणाऱ्याकडे मी स्वतः देणार नाही.

तुम्हीही खरं सांगा. पडली होती का, कुणी उघडली का, काय काय चालवलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि या माहितीने त्यांच्या कामाची दिशा बदलते. कुठली फोल्डर सगळ्यात महत्त्वाची ते लिहून द्या. हेड थोडाच वेळ टिकणार असेल तर ते आधी तीच वाचतील. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं कुलूप, लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की सोबत द्या. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. ती आणि पासवर्ड दोन्ही नसतील, तर डिस्क पूर्ण दुरुस्त झाली तरी हाती फक्त गोंधळ लागेल.

पाठवताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून चारही बाजूंनी जाड फोमात बसवा. खोक्यात ती हलता कामा नये. कव्हर, केबल आणि बोर्ड सोबतच पाठवा.

डिस्क वॉरंटीत आहे. कंपनीला पाठवली तर डेटा मिळेल?

वॉरंटीत दुसरी डिस्क मिळते, डेटा नाही. जुनी परत येत नाही. डेटा हवा असेल तर आधी तो काढून घ्या. डिस्क लॅबने उघडली तर वॉरंटी टिकते का, हे डिस्कच्या कंपनीला विचारून घ्या. काही कंपन्या लॅबचं पत्र मान्य करतात. काही डिस्कसोबत ठरावीक मुदतीची डेटा रिकव्हरी सेवा येते, तेव्हा विकत घेतानाचे कागद एकदा चाळा.

काय मिळणारच नाही, हे कसं ओळखायचं?

तबकडीवरचा थर खरवडला गेलेली जागा, एकदा दुसरा डेटा लिहिला गेलेली जागा आणि किल्ली हरवलेला कूटबद्ध डेटा. या तिन्हींपुढे जगातल्या कुठल्याही लॅबचा इलाज चालत नाही. बाकी जवळपास सगळ्यावर काहीतरी करता येतं, निदान काही भाग तरी परत आणता येतो.

डेटा मिळाला, डिस्कही चालतेय. पुन्हा वापरू का?

फक्त केबल किंवा यूएसबी बोर्ड गेला होता, तर वापरा. बॅड सेक्टर वाढत होते किंवा डिस्क लॅबमध्ये उघडली गेली, तर नाही. मिळालेला डेटा आधी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि ती जुनी डिस्क निदान काही महिने तशीच जपून ठेवा, कारण एखादी फाइल राहिल्याचं माणसाला उशिरा आठवतं. मग टाकायची वेळ आली की चालत असेल तर तिच्यावर एकदा पूर्ण शून्यं लिहा. चालत नसेल तर ई-कचऱ्यात देण्याआधी तबकड्या निकामी करा. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटताना तुकडे उडतात, म्हणून जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून.